दोरीला बांधलेला शकुन

ताई गेली तेव्हा भेटायला आलेल्या माणसांनी तिला सोशिक म्हटलं, देवभोळी म्हटलं. एका लांबच्या मामींनी तर तिचा आवाज कधी उंबऱ्याबाहेर गेला नाही असंही सांगितलं. मी मान हलवत बसले होते. असल्या थापांवर भांडायला ताईच लागते, आणि नेमकी तीच नव्हती. आता दिवस उरकले, माणसं पांगली, घरात डब्यांतले लाडू तेवढे शिल्लक आहेत. मी लिहायला बसते. रोज जेमतेम अर्धं पान होतं. घाई नाही, जिला वाचून दाखवायचं ती गेली आहे.

मी लिहिते आहे ते एका मुंगसाबद्दल. ताईबद्दल लिहायचं तर दुसरीकडून कुठून सुरुवात करावी हे मला सुचत नाही.

आमचं घर चौलला. पुढे अंगण, मागे पोफळी-माडांची वाडी, वाडीच्या कडेला कुंपण आणि कुंपणापलीकडे काका. काका म्हणजे अण्णांचे चुलतभाऊ. आमचे अण्णा मामलेदार कचेरीतून निवृत्त झाले होते, आणि निवृत्त माणसाला काहीतरी छंद हवा म्हणून त्यांनी काकांवर दावा लावला होता. दोन वाड्यांच्या मधून विहिरीकडे जाणारी एक चिंचोळी पट्टी होती. एक म्हैस अंग चोरून जाईल एवढी रुंद. तिच्यावर दोन पोफळी होत्या, त्यातली एक वठलेली. ही पट्टी कुणाची, हे ठरवण्यासाठी दोघे भाऊ वेगवेगळ्या दमण्यांतून अलिबागच्या कोर्टात जात आणि वेगवेगळ्या दमण्यांतून परत येत. बैल मात्र एकाच माणसाचे होते.

पहिल्याच तारखेला अण्णा घरातून निघाले आणि अंगणातून एक मुंगूस आडवं गेलं, डावीकडून उजवीकडे. त्या दिवशी काकांच्या वकिलाचं पोट बिघडलं. अण्णा संध्याकाळी घरी आले ते मुंगसाचे कुळाचारच ठरवून आले. त्याला दगड मारायचा नाही. कुत्रं अंगावर घालायचं नाही. उन्हाळ्यात जास्वंदीखाली पाण्याची परळ ठेवायची. आणि तारखेच्या सकाळी ते दिसल्याशिवाय अण्णा पायरी उतरणार नाहीत. आम्ही शाळेत असताना मुंगसाला देवाची शपथ घालून तोंड दाखवायला सांगत असू. ते पोरांचं ठीक होतं. पण कोट, उपरणं, पगडी अशा थाटात एक माजी अव्वल कारकून जास्वंदीपुढे वाकून मुंगसाला हळू आवाजात रामाची शपथ घालतो आहे, हे मी पाहिलेलं आहे. मी तेव्हा रेवदंड्याच्या मुलींच्या शाळेत शिकवत होते आणि पोरींना अंधश्रद्धेवर निबंध घालत होते.

हे सगळं करमणुकीचं म्हणून चाललं असतं. पण ताई आली.

आदल्या वर्षी सासरी तिला मूल झालं होतं ते जगलं नव्हतं, आणि तीही थोडक्यात वाचली होती. मग तिला हिवतापानं धरलं. पुन्हा दिवस गेले तसा आईनं हट्ट धरून तिला सातव्या महिन्यात माहेरी आणलं. दमणीतून उतरली तेव्हा पोट तेवढं पुढे, बाकी नुसत्या साडीच्या निऱ्या. रेवदंड्याच्या डॉक्टरनं तिला तपासलं आणि आईला बाजूला घेऊन सांगितलं, की अंगात रक्त नाही, अशीच राहिली तर बाळंतपण झेपायचं नाही. आत्ता रोज अंडी, आणि बाळंत झाल्यावर कोंबडीचं पाणी. औषध मी देतो, पण खरं औषध हेच.

आमच्याकडे मासे-मटण चालत असे, त्यामुळे धर्माची अडचण नव्हती. अडचण कोंबड्यांची होती. त्या वर्षी गावात कोंबड्यांची मर आली होती. घरोघरची खुराडी रिकामी पडली होती. आईच्या कोंबड्या कुंपणाच्या आत राहून वाचल्या, आणि काकांच्या वाचल्या. काकांचं नाव आमच्या घरात घ्यायचं नसे, म्हणजे आईच्याच कोंबड्या उरल्या. आईनं त्यांची वाटणी केली. काही अंड्यांसाठी, काही बाळंतपणानंतरच्या पाण्यासाठी. त्या कोंबड्यांकडे ती असं बघे, की त्यांना आपलं भविष्य कळत असावं.

आणि अंडी जायला लागली.

मुंगूस अंडं खातं कसं, हे ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. ते अंडं पुढच्या पायांत धरतं, एखाद्या दगडाकडे पाठ करून उभं राहतं आणि मागच्या तंगड्यांमधून अंडं दगडावर फेकतं. आमच्या मुंगसानं या कामासाठी तुळशीवृंदावनाची पायरी पसंत केली होती. आई रोज सकाळी हातात नारळाची शेंडी घेऊन तुळशीची पायरी घाशी आणि बलक निघता निघत नसे.

"अण्णा," ताई ओटीवर लवंडल्या लवंडल्या म्हणाली, "तुळशीला अंड्याचा अभिषेक चाललाय. पुण्य कुणाच्या खात्यावर?"

"एखादं अंडं जातं जनावराच्या तोंडी. त्याचाही जीव आहे."

"एखादं? दिवस नक्की कुणाला गेलेत या घरात, मला की मुंगसाला?"

"असलं बोलू नये पोटुशा बाईनं."

"मग डोहाळजेवण तरी त्याचं करू. हिरवी साडी माझी देते."

आई हसली नाही. आई ताईच्या मनगटाकडे बघत होती. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या.

पुढे मुंगसानं खुडूक बसलेल्या कोंबडीखालची अंडी नेली, आणि एक पिल्लूही नेलं. आईनं अण्णांना सांगितलं की आता एक तर हे मुंगूस राहील नाहीतर मी. अण्णांनी थोडा विचार केला. तो विचार त्यांनी करायला नको होता. आई त्या दिवसापासून त्यांच्याशी फक्त भिंतीला उद्देशून बोलू लागली.

अण्णा वकिलाकडे अलिबागला गेले त्या दिवशी आईनं सापळा लावला. कोंबड्या झाकायचं मोठं डालगं, ते उचलून धरायला एक काटकी, काटकीला दोरी आणि आत सुक्या कोळंबीच्या सोड्यांची मूठ. दुपारी मुंगूस डालग्याखाली होतं. आई त्या डालग्यावर पाटा ठेवून त्यावर बसली, इतक्या समाधानानं, की तिला मी लेकीच्या लग्नातही असं बसलेली पाहिली नव्हती.

प्रश्न पुढचा होता. मुंगसाला मारणं पाप. रोज मासळी घेऊन येणारी कोळीण नेमकी तेव्हा दारात आली होती. ती म्हणाली, "द्या माजेकडं. खाडीपल्याड सोडतंय. परत येतंय कशाला?"

आई तयार होती. ताईनं हात वर केला.

"आणि पुढच्या तारखेला? अण्णा पायरीवर उभे राहतील ते उभेच राहतील. मागे मुंगूस उशिरा आलं तर दमणी निघून गेली होती. या खेपेला कोर्टात हजर नाही राहिले तर दावा जाईल, आणि दावा गेला तर अण्णा घरात राहतील. रोज. सबंध दिवस. सांभाळशील?"

आईनं डोळे मिटले. ते चित्र तिलाही सोसवलं नाही.

म्हणून मुंगूस घरातच राहिलं. गोठ्यात जुनं देवदारी खोकं होतं, त्याला जाळी मारली. कोळणीनं जाळ्याचा तुकडा टाकून मुंगसाला जखडलं आणि गारुडी बांधतात तसा त्याच्या कमरेला चामड्याचा पट्टा बांधला, पट्ट्याला काथ्याची बारीक लांब दोरी. बांधताना ती सारखी हसत होती.

"बाय, मुंगसाला दोरी बांधताव, त्यापरीस म्हाताऱ्यालाच का न्हाय बांधत?"

"त्याला एकदा बांधलं गं," आई म्हणाली. "मीच बांधली गेले."

तारखेची सकाळ आली. बेत सगळा ताईचा होता. अंगणाच्या डाव्या बाजूला जास्वंदीमागे मी खोकं घेऊन बसले. उजव्या बाजूला न्हाणीघराच्या दाराआड पाटावर ताई, पोट सांभाळून, हातात दोरीचं टोक. मधली दोरी पाचोळ्याखाली. अण्णा लांबचं बेताचंच बघत, आणि चष्मा फक्त कागद वाचायला लावायचा असतो असं त्यांचं मत होतं. ते पायरीवर येऊन उभे राहिले. मी खोक्याचं झाकण उचललं. ताईनं दोरी ओढली.

मुंगसानं चारी पाय रोवले. ताईनं आणखी ओढलं. मुंगूस बुडावर बसलं आणि तसंच, बसल्या बसल्या, घसरत घसरत अंगण ओलांडून गेलं. जाताना त्यानं अण्णांकडे तोंड वळवलं, ते मदतीसाठी असावं.

अण्णांनी हात जोडले. "आज बसून दर्शन दिलं! सावकाश. घाई नाही, गडबड नाही. बघितलंस ना गं?"

"बघितलं," आई भिंतीला म्हणाली.

न्हाणीघरातून खोकल्याचा आवाज येत होता. ताई तोंडात पदर कोंबून हसत होती, आणि हसता हसता तिला धाप लागली होती. मी धावत गेले तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "अगं, मी मेले तर मला असंच ओढत ने. बसवून." मी तिला रागावले. मला हसूही आलं. दोन्ही एकदम आलं की काय करायचं असतं, हे मला अजून कळलेलं नाही.

त्या दिवशी अण्णांचा कसलासा अर्ज मंजूर झाला. त्यापुढच्या तारखेला मुंगूस आडवं पडून गेलं आणि नुसतीच पुढची तारीख मिळाली. अण्णांनी त्याचा अर्थ असा लावला, की आडवं पडणं म्हणजे धीर धरा.

घरातली अंडी आता ताईच्या पोटात जाऊ लागली. सगळी नव्हे. बंदिवान मुंगूस भात खाईना, कोळणीनं आणलेली मासळीची डोकी खाईना, रुसून कोपऱ्यात बसे. ते मेलं तर ब्रह्महत्येच्या खालोखाल काहीतरी लागेल म्हणून आई त्याला रोज एक अंडं देई. पूर्वी चोरून खात होतं, आता वाढून मिळत होतं. तरीही ताईच्या गालांवर थोडा रंग आला. बांगड्या मनगटाजवळ थांबू लागल्या. आईनं नववा महिना लागल्यावर कोंबड्यांना बाहेर सोडणंच बंद केलं. घारीची भीती, कोल्ह्याची भीती. दिवसभर खुराड्यात, दार लावून. एकेक जणू तिजोरीतली.

ती मोठी चूक झाली. दाराच्या खालची फळी कुजली होती हे कुणी बघितलं नव्हतं. एका सकाळी मुंगसानं दोरी कुरतडली, खोक्याची जाळी वाकवली आणि फळीखालून खुराड्यात शिरलं. मोकळ्या कोंबड्या उडून झाडावर तरी गेल्या असत्या. आत त्यांना पळायला जागा नव्हती. मुंगूस भुकेपुरतं मारत नाही, फडफड थांबेपर्यंत मारतं. आम्ही ओरडा ऐकून पोचेपर्यंत तो थांबला होता.

अण्णा देवपूजा अर्धी टाकून सोवळ्यातच बाहेर आले. त्यांच्या समोरून मुंगूस निघालं, डावीकडून उजवीकडे, अगदी शास्त्राप्रमाणे. तोंड लाल, कमरेला पट्टा, पट्ट्याला हातभर काथ्या. या खेपेला ते एवढं जवळून गेलं की चष्म्याची गरज नव्हती.

ते कुंपणातून नाहीसं झालं. अण्णा कुंपणाकडून आमच्याकडे वळले.

"ती दोरी कुणाची?"

"माझी," ताई ओटीवरून म्हणाली.

"केव्हापासून?"

"मागच्या दोन तारखांपासून."

अण्णांनी मनाशी काहीतरी जुळवलं. "त्यातल्या एकीला आपला अर्ज मंजूर झाला होता."

"झाला होता."

"म्हणजे ओढून आणलेला शकुनही लागू पडतो?"

"निम्मा पडत असेल," ताई म्हणाली. "एकदा मंजूर, एकदा तारीख."

त्यांचं हे शास्त्र आणखी वाढलं असतं. पण खुराड्याकडून आई आली. दोन्ही हातांत कोंबड्या होत्या, माना लोंबकळत होत्या. तिनं त्या अण्णांच्या पायांशी ठेवल्या, नैवेद्यासारख्या, आणि कितीतरी दिवसांनी भिंतीशी न बोलता त्यांच्याशी बोलली.

"शकुन राहू द्या. हिला काय घालू?"

अण्णा सोवळं आवरून एक पाऊल मागे सरकले.

"या आज शिजतील, उद्या नासतील. बाळंतपण आज नाही. झालं की मी हिला काय घालू ते सांगा. कायद्याचं पाणी उकळून देऊ?"

अण्णांनी ताईकडे बघितलं. मला वाटतं, ती घरी आल्यापासून त्यांनी तिच्याकडे नीट त्या दिवशीच बघितलं. तिच्या हाताकडे, गळ्याच्या हाडांकडे. ती हसत होती, पण त्या हसण्याला अंगाचा आधार नव्हता. ते आत गेले, सोवळं सोडून धोतर नेसले, कोट चढवला, पगडी घातली.

"कुठे निघालात?" आईनं विचारलं.

ते तडक वाडीत गेले. मी मागोमाग गेले, कारण ते विहिरीच्या दिशेनं निघाले होते आणि मला भलतंच वाटलं. पण ते पट्टीवर, त्या दोन पोफळींपाशी जाऊन थांबले. कुंपणापलीकडे काका पंचा लावून पोफळींना पाणी लावत होते. त्यांच्या अंगणात कोंबड्या चरत होत्या, धष्टपुष्ट, निश्चिंत. त्यांच्या वाडीतलं मुंगूसही आमच्याकडेच जेवायला येत होतं ना!

"आज तारीख नाही," काका मान वर न करता म्हणाले.

"माहीत आहे."

"मग पगडी कशाला?"

"कोंबडी हवी."

काकांनी पाणी थांबवलं. "कोंबडी?"

"पोरीला. आमच्या सगळ्या गेल्या. मुंगसानं."

"तुझ्या त्या देवानं?"

"त्यानंच."

काका हसतील असं मला वाटलं. त्यांना हक्क होता. त्यांनी तोंडावरून हात फिरवला आणि एवढंच म्हटलं, "वकिलाला विचारून आलास का?"

"वकील कोंबडी देत नाही. खातो."

"तेही खरंच. माझा तर दोन वेळा खातो." काकांनी एक तांबडी पकडली, मग दुसरी, पाय एकत्र बांधून कुंपणावरून अण्णांच्या हाती दिल्या. "लागतील तशा ने. आणि या पट्टीवरून खुशाल ये-जा कर, माझी परवानगी आहे."

अण्णा वळले होते, ते थांबले. "परवानगी कशी? परवानगी घेतली की पट्टी तुझी ठरली."

"आणि नाही घेतलीस की तुझी ठरली. मी काय खुळा आहे?"

"मग मी जाऊ कसा?"

"तो तुझा प्रश्न. कोंबड्या ठेव नि विचार कर."

असे ते दोघे कुंपणाच्या दोन बाजूंना उभे राहिले. अण्णांच्या दोन्ही हातांत उलट्या कोंबड्या पंख फडफडवत होत्या आणि पगडीवर पिसं बसत होती. मध्येच काकांनी सुचवलं, की दोन्ही पक्षांच्या हक्काला बाध न येता, केवळ आजच्यापुरतं, असं म्हणून जावं. अण्णांना 'केवळ' हा शब्द पटेना. तेवढ्यात घरातून आईची हाक आली, वाडीच्या टोकापर्यंत पोचणारी.

"कोंबडी आणताय का निकाल?"

अण्णा निघाले. परवानगी घेतली की नाही हे मला शेवटपर्यंत कळलं नाही, आणि कोर्टालाही कळलं नाही. दावा पुढे कितीतरी वर्षं चालला. फक्त पुढच्या तारखेपासून दोघे एका दमणीतून जाऊ लागले. बैलवाला त्यावर नाराज होता.

ताई त्याच आठवड्यात बाळंत झाली. फार त्रास झाला. सुईण आणि डॉक्टर दोघेही होते आणि दोघांनीही एकदा आईकडे नुसतं बघितलं. अण्णा बाहेर ओटीवर बसून होते. कोणत्याही देवाला त्यांनी काही बोलल्याचं मी ऐकलं नाही. मुलगी झाली. रडली. ताईनं डोळे उघडले, आणि पहिल्यांदा ती मुलीबद्दल न बोलता म्हणाली, "भूक लागलीय."

आईनं तांबडी आधीच सोलून ठेवली होती. आलं, मिरी, हळद, मीठ, दुसरं काही नाही. अण्णा बाळंतिणीच्या खोलीच्या उंबऱ्याबाहेर भिंतीला टेकून उभे राहिले आणि आत बघायचं नाही म्हणून छपराकडे बघत होते. आई चमच्यानं पाणी पाजत होती. पहिले दोन चमचे ओघळले. तिसरा गेला.

"उतरलं का गं?" अण्णांनी विचारलं.

"उतरलं."

वाटी संपेपर्यंत ते दर चमच्याला तेच विचारत राहिले आणि आई दर चमच्याला सांगत राहिली. मग ताईनं मान थोडी वर उचलली. आवाज बारीक होता, पण ऐकू आला.

"अण्णा, काकांची कोंबडी चिवट आहे हो. पण लागते बरी. दुसरी आणा."

अण्णा भिंतीपासून दूर झाले. ओटीवर जाऊन त्यांनी पगडी उचलली, तिच्यावरची पिसं झटकली, ती डोक्यावर नीट बसवली आणि भर उन्हात कुंपणाकडे निघाले.